मोलाचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरातील मूल अक्षरे गिरवण्याआधी तराजू ओळखू लागते. वजन, माप, नग, डझन, ग्रोस हे शब्द त्याच्या कानांवर पाळण्यापासूनच पडत असतात. 'मोल' हा शब्दही त्याला परका नसतो. मालाला मोल असते, शब्दाला मोल असते, हे त्याला घरातच कळते. परंतु अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात हा शब्द निराळ्या अर्थाने समोर येतो, आणि तराजूच्या सावलीत वाढलेली मुलेही तेथे अडखळतात. हा 'मोल' किमतीचा नव्हे. रेणू या अर्थाच्या जर्मन शब्दावरून तो रूढ झाला आहे आणि तो पदार्थातील कणांची मोजणी सांगतो.

जालन्याच्या बाजारपेठेतील एका व्यापारी कुटुंबात गेल्या पावसाळ्यात या एका शब्दावरून घराची झोप उडाली होती. कुटुंबाचे नट-बोल्ट व लोखंडी सामानाचे दुकान तीन पिढ्यांचे. घरातील मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवून हौसेने विज्ञान शाखेत गेली. पहिल्या घटक चाचणीत रसायनशास्त्रात तिला पंचवीसपैकी सात गुण पडले. आयुष्यात प्रथमच तिने उत्तरपत्रिका घरी दडवली. ती आईच्या हाती लागली तेव्हा मुलीनेच सांगून टाकले, की हा विषय आपल्या डोक्यात शिरणारा नाही, आपण वाणिज्य शाखा घेतो. वडिलांनी फार वाद घातला नाही. शाखा बदलण्याचा अर्ज त्यांनी महाविद्यालयातून आणला आणि त्यावर सही केली. अर्ज देण्याची मुदत पुढच्या शनिवारपर्यंत होती.

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडे असते. त्या दिवशी नोकर सुट्टीवर, वडील बाहेरगावी उधारी वसुलीला गेलेले. म्हणून दादाजींच्या मदतीला मुलगी दुकानात आली होती. दादाजींचे वय शहात्तर, शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. अर्ज तिच्या हातातील वहीत होता आणि उत्तरपत्रिकाही त्याच वहीत घडी करून ठेवलेली होती.

अकराच्या सुमारास एका शेड बांधणाऱ्या कारागिराचा फोन आला. त्याला संध्याकाळपर्यंत दहा ग्रोस जोड हवे होते. एका जोडात एक बोल्ट, एक नट आणि दोन वॉशर. ग्रोस म्हणजे बारा डझन, अर्थात एकशे चव्वेचाळीस नग. दहा ग्रोस म्हणजे चौदाशे चाळीस जोड. मुलगी जमिनीवर बसून बोल्ट एकेक करून मोजू लागली, तेव्हा दादाजी हसले.

"बेटा, असे मोजत बसलीस तर संध्याकाळ इथेच होईल. हा माल मोजायचा नसतो, जोखायचा असतो."

त्यांनी दहा बोल्ट काट्यावर ठेवले. दोनशे चाळीस ग्रॅम भरले. दहा नट ठेवले, पन्नास ग्रॅम. दहा वॉशर, वीस ग्रॅम. म्हणजे एक बोल्ट २४ ग्रॅमचा, नट ५ ग्रॅमचा, वॉशर २ ग्रॅमचा. मग त्यांनी तिन्ही पोती वजन करायला सांगितली. बोल्ट भरले ३४.५६ किलो, नट ६.४८ किलो आणि वॉशर ५.७६ किलो.

"आता सांग, दहा ग्रोस जोड होतील का? आणि नाही झाले, तर काय कमी पडेल?"

तिने पोत्यांकडे पाहिले आणि चटकन उत्तर दिले, "वॉशर कमी पडतील. त्यांचे वजन सर्वांत कमी आहे, शिवाय ते दुप्पट लागतात."

"कागदावर मांड."

हाताशी आलेला कागद उलटा करून तिने मांडायला सुरुवात केली. एक ग्रोस बोल्टचे वजन ३.४५६ किलो, म्हणजे पोत्यात दहा ग्रोस बोल्ट. एक ग्रोस नटांचे वजन ७२० ग्रॅम. म्हणजे पोत्यात नऊ ग्रोस नट. एक ग्रोस वॉशरचे वजन २८८ ग्रॅम. म्हणजे पोत्यात वीस ग्रोस वॉशर, आणि दहा ग्रोस जोडांना लागतातही वीसच. सर्वांत हलके पोते वॉशरचे होते, पण कमी पडत होते ते नट. नऊच ग्रोस जोड होणार होते. एक ग्रोस नट समोरच्या दुकानातून आणावे लागणार होते.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने वहीतून उत्तरपत्रिका काढली आणि दादाजींसमोर ठेवली.

पहिला प्रश्न असा होता: २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये किती रेणू असतात? तिने २२ ला सरळ ६.०२२ × १०²³ ने गुणले होते आणि त्यावर लाल फुली पडली होती. दादाजींना त्यातले रसायन कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "या मालाच्या एका ग्रोसचे वजन किती?"

या साध्या प्रश्नात सगळे प्रकरण सामावलेले होते. बोल्टच्या व्यापारात जे स्थान ग्रोसचे, ते रसायनशास्त्रात मोलचे. डझन म्हणजे १२ नग, ग्रोस म्हणजे १४४ नग, तसा एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. प्रत्येक पदार्थाच्या एका मोलचे वजन वेगळे असते, जसे एक ग्रोस बोल्टचे व एक ग्रोस नटांचे वजन वेगळे. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा, कार्बन डायऑक्साइडचा ४४ ग्रॅमचा, मिठाचा सुमारे ५८.५ ग्रॅमचा, साखरेचा ३४२ ग्रॅमचा. म्हणून २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे अर्धा मोल, आणि त्यातील रेणू ३.०११ × १०²³. वजनाला एका मोलच्या वजनाने भागले की मोल मिळतात. मोलला त्या प्रचंड संख्येने गुणले की कण मिळतात. उलट जायचे असेल तर कणांना त्या संख्येने भागावे आणि मोलला वजनाने गुणावे. मुलीने मधली पायरी गाळली होती. किलोला थेट १४४ ने गुणून कोणी नग काढत नाही, हे तिला दुकानात बसल्यावर सांगावे लागले नाही.

"आता ताळा कर," दादाजी म्हणाले. तिने उलट हिशेब केला. ३.०११ × १०²³ भागिले ६.०२२ × १०²³, उत्तर अर्धा. अर्धा गुणिले ४४, उत्तर २२. ताळा जमला. वर्गात तिला सूत्र सांगितले गेले होते, पण उत्तर खरे की खोटे हे आपले आपण पारखता येते, हे तिला प्रथमच जाणवले.

दुसऱ्या प्रश्नात १६ ग्रॅम ऑक्सिजन वायूतील रेणू विचारले होते. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६, म्हणून हा एक मोल झाला, असे तिने लिहिले होते. तेही चुकलेले होते. "पुस्तकात ऑक्सिजनसमोर सोळाच लिहिलेले आहेत, दादाजी," ती काहीशा रागाने म्हणाली.

दादाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली, जी घरात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. दुकान नुकतेच त्यांच्या हाती आले होते. एका गिऱ्हाइकाला हजार बोल्ट द्यायचे होते. आधीच्या मालातील एक बोल्ट २२ ग्रॅमचा होता, हे त्यांना पाठ होते. त्यांनी काटा लावून २२ किलो माल बांधला आणि पाठवून दिला. नवा माल मात्र दुसऱ्या कारखान्याचा होता. त्यातील बोल्ट २४ ग्रॅमचा. बावीस किलोत नऊशे सोळाच नग भरले, चौऱ्याऐंशी कमी. गिऱ्हाइकाचे काम एक दिवस अडले आणि बाजारात चार माणसांसमोर त्याने विचारले, "शेठ, मापात कधीपासून मारायला लागलात?" दादाजी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस. टी.ने पिशवी घेऊन त्याच्या गावी गेले आणि बोल्ट त्याच्या हाती मोजून दिले. पैशाचा तोटा किरकोळ होता. परंतु तो प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

"काटा खरा होता, भागाकारही खरा होता," ते म्हणाले. "नमुना दुसऱ्याच मालाचा होता. तेव्हापासून मी आधी समोरच्या मालातले दहा नग जोखतो. तुझा सोळा कशाचा, ते बघ."

तिने पुस्तक उघडले. सोळा हे ऑक्सिजनच्या एका अणूचे होते. हवेतला ऑक्सिजन मात्र सुट्या अणूंचा नसतो. त्याच्या एका रेणूत दोन अणू जोडलेले असतात, म्हणून त्याचे रेणुवस्तुमान ३२. सोळा ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे अर्धाच मोल रेणू, आणि त्यात अणू मोजले तर पूर्ण एक मोल. प्रश्न रेणूंचा आहे की अणूंचा, हे आधी ठरवले नाही तर नमुना चुकतो आणि पुढचा सगळा शुद्ध हिशेबही चुकीच्या ठिकाणी जाऊन पोहोचतो.

तिसरा प्रश्न तिने कोराच सोडला होता. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून किती पाणी तयार होईल? आता तिने तो न विचारता मांडायला घेतला. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा. म्हणजे पाच मोल. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅमचा. म्हणजे दोन मोल. पाणी होताना दोन मोल हायड्रोजनला एक मोल ऑक्सिजन लागतो. दोन मोल ऑक्सिजनबरोबर चार मोल हायड्रोजन लागेल, एक मोल शिल्लक राहील. चार मोल पाणी तयार होईल, ७२ ग्रॅम. शिल्लक हायड्रोजन २ ग्रॅम. एकूण ७४ ग्रॅम. आणि सुरुवातीलाही ७४ ग्रॅमच होते. जमा व नावे दोन्ही बाजू जुळल्या. वजनाने सहापटीहून अधिक असलेला ऑक्सिजनच आधी संपला. पोत्यांकडे पाहून तिने सकाळी जी चूक केली होती, ती तिने येथे केली नाही. निसर्गाचे व्यवहार नगांवर होतात, किलोवर नव्हे. दोन पदार्थांच्या वजनांची थेट अदलाबदल करता येत नाही. प्रत्येकाला आधी मोलच्या नाण्यात आणावे लागते.

या व्यवहारात एक गोष्ट थक्क करणारी आहे. चोवीस किलो बोल्ट आणि पाच किलो नट घेतले, तर दोन्हींची संख्या सारखीच येते. ती हजार आहे हे ठाऊक नसले तरीही. तसेच १२ ग्रॅम कार्बन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखी, कारण दोन्ही अणूंच्या वजनांचे प्रमाण १२ ला १६ असे आहे. रसायनशास्त्रज्ञ ही समान संख्या किती हे ठाऊक नसतानाच कित्येक वर्षे तिच्या आधारे हिशेब करत होते. मात्र प्रमाण ठरवताना ते प्रथम चुकले होते. इंग्लंडच्या जॉन डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे गृहीत धरले. जोडातील नगच चुकीचे धरल्यामुळे ऑक्सिजनच्या अणूचे वजन निम्म्यावर आले आणि निरनिराळ्या शास्त्रज्ञांचे कोष्टक एकमेकांशी जुळेनासे झाले.

तोडगा सुचवला तो इटलीतील तुरीन शहरच्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी. हे गृहस्थ शिक्षणाने वकील. घराणेही कायद्याच्या व्यवसायातले. काही वर्षे वकिली केल्यावर ते भौतिकशास्त्र आणि गणिताकडे वळले. १८११ मध्ये त्यांनी मांडले, की तापमान आणि दाब सारखे असताना कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. म्हणजे समान आकारमानाचे दोन वायू जोखले, की त्यांच्या एकेका रेणूच्या वजनाचे प्रमाण हाती येते. जवळजवळ पन्नास वर्षे या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८५६ मध्ये ॲव्होगॅड्रो निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १८६० मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे त्यांचे देशबांधव कॅनिझारो यांनी याच विचाराच्या आधारे अणूंची वजने कशी ठरवावीत हे समजावून सांगितले, आणि त्यांची पुस्तिका उपस्थितांमध्ये वाटली गेली. श्रोत्यांमध्ये रशियाचा तरुण मेंडेलीव्ह होता. पुढे १८६९ मध्ये त्याने मूलद्रव्यांचे आवर्ती कोष्टक मांडले, त्याला या शुद्ध झालेल्या वजनांचाच पाया होता.

जी संख्या आज ॲव्होगॅड्रोच्या नावाने ओळखली जाते, ती त्यांनी स्वतः कधी काढली नव्हती. रेणूंच्या आकाराचा पहिला अंदाज ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या ज्याँ पेरँ यांनी प्रयोगांनी ती संख्या निश्चित करून तिला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. २० मे २०१९ पासून जगभरात एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी व्याख्या लागू आहे. कोटीला कोटीने आणि पुन्हा कोटीने गुणून आलेल्या संख्येची सुमारे सहाशे दोन पट, म्हणजे ही संख्या. जगातील आठशे कोटी माणसांनी प्रत्येक सेकंदाला एक याप्रमाणे अहोरात्र मोजले, तरी ती पुरी व्हायला सुमारे चोवीस लाख वर्षे लागतील. आणि इतके रेणू असतात ते जेमतेम साडेतीन चहाचे चमचे पाण्यात. ज्या गोष्टी कोणी कधीही मोजू शकणार नाही, त्या मनुष्याने तराजूवर मोजल्या, ही या हिशेबाची खरी थोरवी.

दुपारी वडील परतले. गल्ल्याजवळ पडलेला कागद त्यांनी उचलला. तो शाखा बदलण्याचा अर्ज होता आणि त्याची पाठ बोल्ट, नट, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या आकड्यांनी भरून गेली होती. मुलगी समोरच्या दुकानातून नट आणायला गेली होती.

"बापूजी, तुम्ही तिला पुन्हा भरीस घालू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "ती रात्री रडत असते. मला तिची शाखा कोणतीही चालेल, पण ते रडणे ऐकवत नाही."

"मी भरीस घालत नाही," दादाजी म्हणाले. "वाणिज्य काही हलके नाही, आपले घर त्याच्यावरच उभे आहे. तिला तिकडे जायचे असेल तर आनंदाने जावे. पण पळून जाऊ नये. एक नग हलका निघाला म्हणून आपण पोते परत करत नाही. नमुना दहाचा घेतो."

मुलगी नट घेऊन आली. वडिलांच्या हातातील कागद पाहून ती ओशाळली. "चुकून त्यावरच लिहिले, पप्पा. उद्या दुसरा अर्ज आणावा लागेल."

"आणू का?" वडिलांनी विचारले.

तिने उत्तर दिले नाही. नटांची पुडी उघडून त्यातले दहा नग तिने आधी काट्यावर ठेवले. पन्नास ग्रॅम भरले. मग ७२० ग्रॅम जोखून तिने दहावा ग्रोस पुरा केला. "शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली.

शनिवारी तिने अर्ज मागितला नाही, वडिलांनीही विषय काढला नाही. त्या आठवड्यात तिच्या खोलीतील दिवा उशिरापर्यंत जळत होता, आणि एकदा रडण्याचा आवाजही आला. मात्र सकाळी तीच गणिते तिने पुन्हा सोडवली. दुसऱ्या घटक चाचणीत तिला पंचवीसपैकी सोळा गुण पडले. वर्गातील पहिल्या दहांतही तिचे नाव नव्हते. तरीही या वेळी तिने उत्तरपत्रिका स्वतःहून दुकानात आणली आणि दादाजींसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. चुकलेल्या एका उत्तरावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "इथे ताळा केला नव्हतास ना?"

"नाही," ती हसून म्हणाली, आणि तिथेच बसून तो करू लागली.